काच बसवली म्हणून काचबिंदू जात नाही

नमस्कार डॉक्टर. आम्ही गोव्यात डिचोली तालुक्यात राहतो. माझ्या सासूबाई ७२ वर्षांच्या आहेत. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला गेलो तेव्हा त्यांना काचबिंदू असल्याचं कळलं. तेव्हापासून रोज रात्री दोन्ही डोळ्यांत एकेक थेंब मीच घालते. आता मोतीबिंदूही निघालाय, उजव्या डोळ्यात जास्त, आणि डॉक्टर ऑपरेशन करून घ्या म्हणतात. घरात चार माणसांची चार मतं. मुंबईचे दीर म्हणतात, ऑपरेशनात काच बसवतात, म्हणजे काचबिंदूही गेला, मग थेंबांची कटकट कशाला? शेजारच्या काकी म्हणतात, मोतीबिंदू पिकल्याशिवाय हात लावू नये. सासूबाई म्हणतात, गणपतीची चवथ होऊ दे, फळांची माटोळी बांधून झाली की बघू. त्यांना तर मोतीबिंदू आहे हेच पटत नाही, कारण गेल्या वर्षापासून त्या चष्मा न लावता सुईत दोरा ओवतात, अबोलीच्या फाती गुंफतात. एरवी तब्येत बरी आहे, पावसाळ्यात दम लागतो तेवढाच. संध्याकाळी देवाजवळ दिवा लावताना निरांजनाभोवती रंगीत वलय दिसतं म्हणतात, कधीकधी उजव्या भुवईवर दुखतं. गेल्या महिन्यात दोनदा उलटी झाली, पण पित्ताचा त्रास त्यांना जुनाच. झोपून उठल्या की बरं वाटतं. मला विचारायचं आहे ते असं : मोतीबिंदू काचबिंदूमुळे झाला का, की उलट? ऑपरेशन केल्यावर नजर पूर्ण येईल का? आणि माझ्या यजमानांना पुढे हे होईल का?

ताई,

तुम्ही तीन प्रश्न विचारलेत. तिन्हींची उत्तरं देते, पण सुरुवात तुम्ही सहज लिहून टाकलेल्या ओळींपासून करते. निरांजनाभोवती रंगीत वलय, भुवईवर दुखणं, उलटी, आणि झोपून उठल्यावर बरं वाटणं. तुम्ही ते पित्ताच्या खात्यात टाकलंत, कुणीही टाकलं असतं. पण काचबिंदू असलेल्या माणसाच्या बाबतीत या चार गोष्टी एकत्र आल्या, तर तो आधी डोळा समजायचा आणि मग पित्त. पत्रावरून मी निदान करत नाही, करताही येत नाही. पण सासूबाईंना याच आठवड्यात डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन जा आणि गेल्या गेल्या सांगा, ‘यांच्या डोळ्यातला कोन तपासून घ्यायचा आहे.’ ही तपासणी चवथीपर्यंत थांबवू नका.

कोन म्हणजे काय, ते सांगते. ते कळलं की तुमच्या घरातल्या चारही मतांचा निकाल लागेल.

डोळ्याच्या आत सतत थोडं थोडं पाणी तयार होत असतं. अश्रू नव्हेत, ते बाहेरचे. हे आतलं पाणी बाहुलीतून पुढच्या भागात येतं आणि बुबुळाच्या कडेला, जिथे काळं आणि पांढरं मिळतं तिथे, जाळीसारख्या बारीक वाटेने निघून जातं. त्या कडेच्या खाचेला आम्ही कोन म्हणतो. आपल्या न्हाणीघराची मोरी डोळ्यांपुढे आणा. पाणी दोन कारणांनी तुंबतं. एकात मोरीचं तोंड मोकळं दिसतं, पण आतली नळी बुजत आलेली असते. दुसऱ्यात नळी ठीक असते, पण तोंडावरच काहीतरी येऊन बसतं. पहिला तो उघड्या कोनाचा काचबिंदू : वर्षानुवर्षं चालतो, दुखत नाही, कळत नाही. दुसरा अरुंद किंवा बंद कोनाचा, आणि हा कधीकधी एका संध्याकाळीत डोळा घालवतो.

आता या मोरीच्या तोंडावर येऊन बसतं काय? इथे मोतीबिंदूचा संबंध येतो.

बाहुलीच्या मागे डोळ्याचं नैसर्गिक भिंग असतं. माणसाची उंची विशीत थांबते, पण हे भिंग जन्मभर वाढत राहतं. कांद्यासारखे त्याच्यावर नवे पापुद्रे चढत जातात. तरुणपणी ते जाडीला चार मिलिमीटरच्या आसपास असतं, म्हातारपणी पाचाच्या घरात जातं. एक मिलिमीटर म्हणजे तुम्हाला काहीच वाटणार नाही. पण त्याच्या पुढची जागाच मुळात तीन मिलिमीटरची, काहींची त्याहूनही उथळ. भिंग जाड होतं तसं बुबुळामागचं पातळ पटल पुढे ढकललं जातं आणि कडेची खाच अरुंद होत जाते. हेच भिंग पुढे गढूळ झालं की त्याला आपण मोतीबिंदू म्हणतो. संध्याकाळी उजेड कमी झाला की बाहुली मोठी होते, पटल कडेला गोळा होतं आणि मोरीचं तोंड झाकलं जातं. पाणी तुंबतं, डोळ्याचं प्रेशर चढतं, पुढचं पारदर्शक पटल सुजतं आणि दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात. भुवई ठणकते, मळमळतं. झोपेत बाहुली आकसते, वाट मोकळी होते आणि सकाळी माणूस म्हणतं, पित्त उतरलं.

नुसत्या मोतीबिंदूतही दिव्याभोवती पसारा दिसतो. समोरून गाडी आली की डोळे दिपतात. पण त्याबरोबर भुवई ठणकत नाही की उलटी होत नाही. म्हणून मी त्या ओळींवर अडले.

हे कुणाला जास्त होतं? बायकांना पुरुषांपेक्षा जास्त, आशियाई माणसांत युरोपियनांपेक्षा जास्त, आणि ज्यांना तरुणपणापासून लांबचा प्लस नंबर असतो त्यांना जास्त, कारण त्यांचे डोळे लांबीला आखूड असतात. सासूबाईंचा जुना चष्मा कपाटात असेल तर तपासणीला सोबत न्या. डॉक्टरांना तो बोलका असतो.

मग दोन वर्षांपूर्वी डॉक्टरांनी कोन पाहिला नसेल का? पाहिला असेल. तेव्हा तो उघडाही असेल. पण या दोन वर्षांत भिंग वाढलंय, आणि त्याचा पुरावा तुमच्याच पत्रात आहे : सुईतला दोरा. मोतीबिंदू मध्यभागी घट्ट होत गेला की भिंगाची ताकद वाढते, डोळा थोडा मायनस नंबरकडे झुकतो आणि म्हातारपणी चष्म्याशिवाय जवळचं दिसू लागतं. घरचे खूश होतात, म्हातारीला नवी नजर आली म्हणतात. ती मोतीबिंदू पुढे सरकल्याची खूण असते, आणि पुढे हळूहळू तीही नजर धूसर होते. सासूबाईंना हे समजावून सांगा. नजर सुधारली म्हणून नव्हे, भिंग बदललं म्हणून दोरा ओवता येतोय.

म्हणजे तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर असं : मोतीबिंदू आणि काचबिंदू हे दोन वेगळे आजार आहेत. एक भिंगाचा, दुसरा बहुधा प्रेशरने झिजणाऱ्या दृष्टीच्या नसेचा. साठी-सत्तरीत दोन्ही एकाच डोळ्यात येऊन राहतात, कारण वय दोघांनाही लागतं. पण मोतीबिंदूमुळे काचबिंदू होऊ शकतो, आत्ता सांगितला तसा. तो पार पिकू दिला तर त्याहूनही वाईट तऱ्हेने होतो, ते खाली काकींच्या मतापाशी सांगते. काचबिंदूमुळे मोतीबिंदू सहसा होत नाही. मात्र काचबिंदूच्या जुन्या ऑपरेशनानंतर मोतीबिंदू लवकर वाढतो, हे खरं आहे. आणि एक गोष्ट दोन्ही देऊन जाते : स्टेरॉइड. डोळे लाल झाले, खाज आली की दुकानातून आणून घातलेले थेंब, दम्यासाठी महिनोन्‌महिने घेतलेल्या गोळ्या. सासूबाईंना पावसाळ्यात दम लागतो तेव्हा कुठल्या गोळ्या चालतात, त्याची चिठ्ठी डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. दम्याच्या डॉक्टरांना न विचारता काही बंद मात्र करू नका.

दम्याचा विषय निघालाच आहे तर लगेच लिहून टाकते. प्रेशर कमी करायला टिमोलॉल नावाचं औषध फार वापरतात. स्वस्त आहे, गुणकारी आहे, आणि दुसऱ्या औषधाशी मिसळूनही एकाच बाटलीत येतं. पण दम्याच्या माणसाला ते चालत नाही. डोळ्यातला थेंब नाकावाटे रक्तात जातो आणि छाती आवळली जाते. नाडी मंद असणाऱ्यांनाही ते जपूनच द्यावं लागतं. पुढे थेंब बदलले किंवा वाढवले गेले, तर ‘दम लागतो’ हे तुम्ही स्वतः तोंडाने सांगायचं. ओपीडीतल्या गर्दीत हे राहून जातं.

आता मुंबईचे भावोजी. त्यांचा घोटाळा शब्दाने केलाय. आपण मोतीबिंदूच्या ऑपरेशनला ‘काच बसवणं’ म्हणतो आणि या आजाराला काचबिंदू, तेव्हा दोन्हींचा संबंध जुळणारच. पण बसवतात ती काच नसतेच. १९४९ साली लंडनच्या सेंट थॉमस हॉस्पिटलात हॅरोल्ड रिडली या डॉक्टरांनी पहिलं कृत्रिम भिंग बसवलं. महायुद्धातल्या वैमानिकांच्या डोळ्यांत विमानाच्या छताच्या प्लॅस्टिकचे कपचे रुतून बसले होते आणि डोळा ते सहन करत होता, हे त्यांनी पाहिलं होतं. त्याच जातीच्या प्लॅस्टिकचं त्यांनी भिंग केलं. आजचीही भिंगं निरनिराळ्या प्लॅस्टिकचीच असतात. गढूळ झालेलं भिंग काढून त्या जागी हे येतं. काचबिंदूत मार बसतो तो डोळ्याच्या मागे, दृष्टीच्या नसेला. तिथे कुणी काही बसवत नाही.

तरी भावोजी अगदीच चुकले असं मी म्हणणार नाही. त्यांचं कारण चुकलं, पण ऑपरेशनाने प्रेशर उतरतं हे खरं आहे. किती, ते कोनावर ठरतं. जाड, फुगीर भिंग काढून त्या जागी पातळ भिंग आलं की पुढची जागा खोल होते आणि मोरीचं तोंड मोकळं होतं. अरुंद कोनाच्या माणसाला याचा मोठा फायदा होतो. २०१६ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात ‘ईगल’ नावाची चाचणी प्रसिद्ध झाली. पन्नाशीपुढचे ४१९ रुग्ण, कोन बंद होत आलेला, मोतीबिंदू मात्र नाही. अर्ध्यांना नेहमीची पद्धत, म्हणजे आधी लेसरने पटलाला छिद्र आणि मग थेंब. बाकीच्यांचं भिंगच काढलं. तीन वर्षांनी भिंग काढलेल्यांचं प्रेशर बरं होतं आणि त्यांना थेंबही कमी लागत होते. तिथे तर चांगलं भिंग काढलं होतं, सासूबाईंचं गढूळच झालंय. त्यांचा कोन अरुंद निघाला तर मोतीबिंदूचं ऑपरेशन हा त्यांच्या काचबिंदूवरचाही इलाज ठरेल. डॉक्टर त्याआधी लेसरचं छिद्र करतील किंवा सरळ ऑपरेशनच लवकरचं देतील, ते त्यांना डोळा पाहून ठरवू द्या. लेसर काही मिनिटांचं काम असतं आणि त्याच दिवशी घरी येता येतं.

कोन उघडा निघाला तर फायदा थोडका. प्रेशर दोन-चार अंकांनी उतरतं, आणि हळूहळू पुन्हा चढूही शकतं. तेव्हा ऑपरेशन करायचं ते मोतीबिंदूसाठी. थेंब पूर्वीसारखेच चालू राहतील. काचबिंदू फार पुढे गेला असेल आणि थेंबांनी आवरत नसेल, तर मोतीबिंदूबरोबरच प्रेशरचंही ऑपरेशन करतात. ते एकदम करायचं की वेगवेगळं, यावर डॉक्टरांत मतभेद असतात आणि दोन्हीकडे कारणं असतात. एकाच गावात दोन डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या म्हणून गोंधळू नका.

दोन्हींत काहीही निघो, थेंब बंद करायचे की नाही हे ऑपरेशनानंतर प्रेशर मोजूनच ठरतं, आणि तेही काही आठवडे जाऊन. हे मी इतकं ठासून सांगते त्याला कारण आहे. माझ्या वडिलांचं.

बाबा शाळामास्तर. उघड्या कोनाचा काचबिंदू, दोन थेंब चालू. मी तेव्हा शिकायला बाहेर होते. त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन एका इस्पितळात झालं आणि सुरेख झालं. घरी पाठवताना हातात कागद दिला त्यावर ऑपरेशनानंतरचे थेंब होते, सहा आठवड्यांचे. जुन्या थेंबांबद्दल एक अक्षर नव्हतं. बाबांनी सहा आठवडे इमानाने थेंब घातले आणि सगळंच थांबवलं. दिसत तर होतं लख्ख! पंचांगातली बारीक अक्षरं ते कंदिलाच्या उजेडात वाचायचे. दोन वर्षांनी मी दिवाळीला घरी आले. जेवायला बसलो, बाबांनी मिठाकडे हात नेला आणि डाव्या बाजूचा पाण्याचा तांब्या लवंडला. आई म्हणाली, ‘हल्ली रोज लवंडतात, लक्ष नसतं.’ त्यांचं लक्ष होतं, ताई. डाव्या बाजूचा तांब्या त्यांच्या नजरेतच नव्हता. दुसऱ्या दिवशी तक्त्यावरची शेवटची ओळ त्यांनी वाचून दाखवली, आणि नजरेचा घेर मोजणाऱ्या फील्ड टेस्टच्या कागदावर डावा डोळा जवळजवळ सगळा काळा होता. मधोमध एक कवडसा तेवढा शिल्लक.

म्हणून ‘नजर पूर्ण येईल का’ या तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं सरळ उत्तर देते. मोतीबिंदूने जेवढं नेलं असेल तेवढं सगळं परत येईल. काचबिंदूने जे नेलं असेल त्यातलं काहीच परत येणार नाही. दृष्टीच्या नसेत दहा-बारा लाख तंतू असतात. गेलेला तंतू पुन्हा उगवत नाही. आज धूसरपणा किती कशामुळे आहे, हे ऑपरेशनाआधी मोजून घ्या. त्यासाठी फील्ड टेस्ट असते : एका भांड्यासारख्या यंत्रात तोंड ठेवून बारीक दिवे दिसले की बटण दाबायचं. आणि ओसीटी, म्हणजे नसेचा स्कॅन. मोतीबिंदू आड येत असल्यामुळे दोन्हींत थोडा कमीजास्तपणा येतो. सगळंच अंधूक उमटतं, आणि काचबिंदू आहे त्यापेक्षा वाढलेला वाटतो किंवा नेमका कळतच नाही. म्हणून ऑपरेशनानंतर दोन-तीन महिन्यांनी दोन्ही पुन्हा करून घ्यायच्या आणि त्या कागदांपासून पुढचा हिशेब धरायचा. जुने कागद टाकू नका. एक फाइल करा आणि दर खेपेला तीच न्या.

आणि सासूबाईंना आधीच सांगा. ऑपरेशनानंतर पट्टी काढली की रंग झळाळतात, निळा तर नव्यानेच दिसल्यासारखा वाटतो. त्या आनंदात थेंब सुटतात. बाबांचे तसेच सुटले.

काकींचं मत जुन्या काळात बरोबर होतं, म्हणून त्यांच्यावर रागावू नका. पूर्वी मोठी चीर घालून अख्खं भिंग काढायचे, टाके पडायचे आणि मग जाड भिंगांचा चष्मा. एवढा खटाटोप नजर पुरती गेल्याशिवाय करण्यात अर्थ नव्हता, म्हणून पिकायची वाट बघत. १९६७ साली चार्ल्स केलमन यांनी ध्वनिलहरींनी भिंग फोडून बारीक नळीतून ओढून घ्यायची रीत काढली. तीच आजची फेको. या पद्धतीला मोतीबिंदू कोवळाच बरा. पिकून दगडासारखा झाला की फोडायला जास्त ताकद लावावी लागते आणि डोळ्याला मार बसतो. पण ते एक वेळ चालेल. पार पिकलेला मोतीबिंदू पाणी धरून फुगतो आणि कोन बंद करतो, किंवा त्याच्या पापुद्र्यातून दुधासारखा द्रव झिरपून ती जाळीच तुंबवतो. दोन्हींत प्रेशर एकदम चढतं. सत्तरी तालुक्यातल्या आतल्या गावांतून अशा आजी माझ्याकडे आल्या आहेत. बाहुली पांढरीफटक, डोळा लालबुंद, आणि घरचे म्हणतात, ‘आता पिकला, आता काढा.’ ऑपरेशन होतं, दुखणं थांबतं. नजर कधी येते, कधी तोवर नस गेलेली असते. ज्यांना आधीच काचबिंदू आहे त्यांनी पिकायची वाट बघणं हा दुहेरी धोका आहे.

ऑपरेशन ठरलं की कुठलं भिंग घ्यायचं हे विचारतील. लांबचं-जवळचं दोन्ही दाखवणारं, चष्मा सोडवणारं महागडं भिंग हल्ली फार सुचवलं जातं. काचबिंदूत माझं मत साध्या, एकाच अंतराच्या भिंगाचं आहे. काचबिंदूने आधीच काळ्या-करड्यातला फरक ओळखायची ताकद कमी केलेली असते, आणि ती महागडी भिंगं उजेड वाटून घेऊन ती आणखी कमी करतात. साधं भिंग घ्या, जवळचा चष्मा वापरा. उरलेले पैसे फील्ड टेस्टला लागतील. दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेचं कार्ड असेल तर इस्पितळात विचारून घ्या काय काय बसतं. म्हापशाच्या जिल्हा इस्पितळात आणि बांबोळीला गोमेकॉत, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालयाच्या इस्पितळात, डोळ्यांचे विभाग आहेत, तिथेही दाखवता येईल.

ऑपरेशनानंतर सूज उतरायला स्टेरॉइडचे थेंब देतात. ते लागतातच, पण काचबिंदूवाल्यांचं प्रेशर त्याने चढू शकतं. तेव्हा दुसऱ्या दिवशीची तपासणी आणि पुढच्या दोन-तीन फेऱ्या चुकवू नका. दर खेपेला विचारा, ‘प्रेशर किती आलं?’ आकडा फाइलीत लिहा. आणि घरी पाठवतील तेव्हा कागदावर बोट ठेवून विचारा, ‘जुने थेंब चालू ठेवायचे का? इथे लिहून द्या.’ हे लिहून घेतल्याशिवाय तिथून उठू नका.

(हे सदर वाचणाऱ्या पुरुषांसाठी मधेच एक. लघवीसाठी, प्रोस्टेटसाठी टॅमसुलोसिनची गोळी चालू असेल किंवा पूर्वी घेतली असेल, तर मोतीबिंदूच्या ऑपरेशनाआधी सर्जनना सांगा. त्या गोळीने बाहुली ढिली पडते. आधी कळलं तर ते तयारीनिशी उतरतात.)

थेंब तुम्ही घालता. दोन वर्षं एक रात्र न चुकवता हे करणं सोपं नाही, हे मला कळतं. काही गोष्टी बघा. थेंब पडला की सासूबाईंना डोळा अलगद मिटायला सांगा आणि नाकाजवळच्या कोपऱ्यावर दोन मिनिटं बोट दाबून धरा. औषध डोळ्यात राहतं, घशात उतरत नाही. पुढे दुसरा थेंब सुरू झाला तर मधे पाच मिनिटं जाऊ द्या, नाहीतर दुसरा पहिल्याला धुऊन काढतो. आणि बाटली फोडल्याची तारीख तिच्यावर पेनाने लिहा. महिना झाला की थोडं उरलं असलं तरी नवी घ्या. रात्री एकदाच घालायचे काही थेंब न फोडलेल्या बाटलीत फ्रिजमध्ये ठेवायचे असतात. तुमच्या बाटलीवर काय लिहिलंय ते वाचा, आपल्याकडच्या मेच्या उकाड्यात ते महत्त्वाचं आहे.

तपासणी व्हायच्या आधीच जर एखाद्या संध्याकाळी डोळा लाल होऊन ठणकू लागला, धुरकट दिसू लागलं, उलट्या झाल्या, तर सकाळची वाट बघू नका. १०८ला फोन करा, नाहीतर गाडी काढून गोमेकॉ गाठा. तिथे पोचल्यावर पहिलं वाक्य उलटीचं सांगू नका. ‘काचबिंदू आहे आणि डोळा दुखतोय’ हे आधी सांगा. नाहीतर पोटाचं इंजेक्शन होतं, सलाइन लागतं आणि डोळ्याकडे बघेपर्यंत रात्र जाते. तोवर सर्दी-खोकल्याच्या गोळ्याही दुकानातून परस्पर आणून देऊ नका. त्यातल्या काहींनी बाहुली मोठी होते.

चवथीचं म्हणाल, तर कोन उघडा निघाला आणि डॉक्टर घाई नाही म्हणाले, तर चवथ होऊ द्या. ऑपरेशन झाल्यावर काही आठवडे वाकणं, ओझं उचलणं, चुलीचा धूर, डोळ्यात पाणी जाणं हे सगळं टाळायचं असतं, आणि चवथीच्या घरात यातलं काय टळतं? पण कोन अरुंद निघाला तर ऑपरेशन आधी. मग यंदा माटोळीला फळं बांधायला तुम्ही जावा-जावा चढा. कुठलं फळ कुठे आणि कवंडळ कुठल्या कोपऱ्यात, हे सासूबाई खुर्चीत बसून सांगतील.

राहिला तुमचा तिसरा प्रश्न. हो, यजमानांना धोका आहे. ज्यांच्या आईला, वडिलांना किंवा सख्ख्या भावंडाला काचबिंदू आहे, त्यांना तो होण्याची शक्यता इतरांपेक्षा कित्येक पट असते. होईलच असं नाही, पण चाळिशी ओलांडली असेल तर तपासणी व्हायलाच हवी, आणि चष्म्याच्या दुकानात नंबर काढणं म्हणजे ती तपासणी नव्हे. प्रेशर मोजायचं, कोन बघायचा, आणि मागची नस तपासायची. फक्त प्रेशर नॉर्मल आलं म्हणून सुटका नाही, कारण नॉर्मलची हद्द मानलेल्या २१च्या आतल्या प्रेशरलाही नस झिजणारी माणसं असतात. सगळं ठीक निघालं तरी मग वर्षा-दोन वर्षांनी पुन्हा. भारतात चाळिशीपुढच्या सुमारे १ कोटी १२ लाख लोकांना काचबिंदू असल्याचा २०१० सालचा अंदाज आहे, आणि गावोगावच्या पाहण्यांत असं आढळलं की त्यातल्या दहापैकी नऊ जणांना ते ठाऊकच नव्हतं.

हेच मुंबईच्या भावोजींनाही लागू आहे. ते पण त्याच आईचे. थेंब बंद करा म्हणून त्यांचा पुढचा फोन येईल तेव्हा त्यांना विचारा, तुमचं प्रेशर कधी बघितलं होतं?

सासूबाईंचा कोन उघडा निघाला की अरुंद, तेवढं मला एका ओळीत कळवा.